शुक्रवारची कॉफी

अक्का, आज सकाळी ओरत्तनाडूहून एक बाई मुलाला घेऊन आली. दारात चपला काढून सरळ आत शिरली आणि पुढच्या खोलीत तुमच्या खुर्चीसमोर चटईवर बसली. मुलाच्या हातात मार्कांचा कागद होता. तिला कुणीतरी सांगितलं होतं, की तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत एक टीचर आहेत, प्लस टू झालेल्या पोरांना कुठल्या कॉलेजात जायचं, काय शिकायचं, सगळं नीट समजावून सांगतात. तुम्ही गेल्याचं तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. तिने तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं! मला इतक्या दिवसांत धड रडता आलेलं नाही, आणि ही परकी बाई माझ्यासमोर बसून हक्काने रडत होती. मला तिचा रागच आला. मग मी तिला पाणी दिलं.

हे मी लिहितेय खरं, पण तुम्हाला ते वाचता आलं नसतं. तुमच्या घराण्यात तीनशे वर्षं मराठी बोलतात आणि लिहायचं झालं की तमिळ. मी सोलापूरची, लग्न होऊन इथे आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. एकदा हौसेने तुम्हाला बाराखडी शिकवायला बसले. चार अक्षरं झाली आणि तुम्ही पाटी माझ्याकडे सरकवलीत. "सरि, पुरे. मज मराठी बोलतां येते, तुज वाचतां येते. दोघी मिळून एक शाणी बाई होते की." पहिल्या दिवशी मी तुम्हाला 'वन्सं' म्हटलं होतं आणि सगळं घर हसलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही अक्का झालात. तेव्हा हे मोठ्याने वाचून दाखवल्यासारखं लिहिते. ऐका.

तुम्ही गणिताच्या टीचर म्हणून रिटायर झालात आणि दुसऱ्याच आठवड्यात पुढच्या खोलीत चटया अंथरल्यात. माझा काहीच विचार नव्हता त्यात पडायचा. पण पोरांचं इंग्रजी तपासायला कुणी नव्हतं, आणि इंग्रजी तेवढं मला येत होतं. निकाल लागल्यापासून प्रवेशाचं कौन्सेलिंग संपेपर्यंत आपल्या घरात पाय ठेवायला जागा नसे. कॉम्प्युटरवर कॉलेजांची नावं आपल्या पसंतीने एकाखाली एक भरायची आणि ठरल्या तारखेला त्याला कुलूप लावायचं. एकदा कुलूप लागलं की संपलं. वर कुठलं, खाली कुठलं, एवढ्यावरून पोराचं पुढचं सगळं ठरतं. बाकीचे लोक मागच्या वर्षीचे कट-ऑफ बघून पटापट नावं घालतात. तुमची तऱ्हा वेगळी.

"पाहिलं नाही त्या कॉलेजाचं नांव घालनको, कण्णा. बसांत बैसून जा. पाहून ये. मग मज सांग."

बाप रे, त्या बसच्या फेऱ्या! निकाल लागला की तुमची पोरं आयांना, मामांना घेऊन गावोगाव फिरायची. ती परत आल्यावर तुम्ही विचारायचात काय, तर कँटीनमध्ये काय खाल्लंस? मुलींची बाथरूम कुठे आहे? शेवटची बस चुकली तर कुणाकडे राहशील? एक मुलगा म्हणाला, टीचर, बिल्डिंग फार मोठी आहे. तुम्ही म्हणालात, तुज राहायचं आहे की बिल्डिंगला? मी स्वयंपाकघरातून ऐकत असे आणि कपाळाला हात लावत असे. मार्क किती, शाखा कुठली, नोकरी मिळते का, हे सोडून ही बाई बाथरूम विचारतेय. आता वाटतं, बाकीचं सांगणारे गल्लोगल्ली होते. हे विचारणाऱ्या तुम्ही एकट्या होतात.

आपली भांडणंही त्या चटयांवरचीच. खासगी कॉलेजं अर्जासोबत मुलाला स्वतःबद्दल एक पान लिहायला सांगत, ते माझ्याकडे असायचं. मी मन लावून ती पानं नटवायची. तो पुंडीकुडीचा मुलगा आठवतो? गुरांचा डॉक्टर व्हायचं होतं त्याला. मी त्याच्याकडून लिहून घेतलं होतं, की लहानपणापासून मुक्या प्राण्यांची सेवा करण्याची माझी इच्छा आहे. तुम्ही माझ्याकडून ते वाचून घेतलंत आणि त्याला विचारलंत, "काल सकाळी तू काय केलास?" तो म्हणाला, गाय अडली होती, शेजारच्या आजीबरोबर मी आत हात घातला, वासरू मेलेलं होतं. "ते लिही." मी म्हटलं, अक्का, असलं कुणी लिहितं का अर्जात? किळस येईल वाचणाऱ्याला. तुम्ही माझ्याकडे बघितलंतही नाही. त्याने ते लिहिलं. मुलाखतीत त्याला दुसरं काही विचारलंच नाही म्हणे. निकाल कळल्यावर मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्ही त्या दोन दिवसांत मुद्दाम माझ्या आवडीची डांगर पचडी केलीत. हरवून वर खायला घालायची तुमची रीत!

पोरांशी तुम्ही तासन्‌तास बोलायचात, पण आईबापांशी आपल्या घरी कधी नाही. ते विचारायला आले की म्हणायचात, कॉफीला येतें मी. सगळं पाहून झालं, पोराच्या मनात काय आहे ते कळलं, की मग कुलूप लावायच्या आधीच्या एखाद्या संध्याकाळी तुम्ही त्यांच्या घरी जायचात. तिथे बसून शेतीची, पावसाची, कुणाच्या लग्नाची चौकशी. कॉफी यायची. ती संपली, वाटीसारखा डबरा खाली ठेवला, की उभं राहून एकच वाक्य. मुलीला कोइंबतूरला पाठवा. किंवा, ह्याला इंजिनीअर करूं नका. एवढं बोलून चपला घालायच्या. सांगितलेलं कुणी मोडलं असं मला आठवत नाही. गावात तर बोलायचेच, अक्का कॉफीला येऊन गेल्या म्हणजे ठरलं.

मला ते कधी पटलं नाही. मी म्हणायची, ही कसली हुकूमत? तुम्ही म्हणायचात, हुकूमत नव्हे ग. बापाला घाबरायला कुणी तरी हवें. घाबरला की माझ्या नावावर टाकून मोकळा होतो. चुकलं तर मज शिव्या देईल, पोरीला नाही.

आणि चुकलंच एकदा. लक्ष्मीचं नाव आपण घरात फारसं घेत नव्हतो. तिच्या बापाकडे कॉफी पिऊन तुम्ही तिला लांब पाठवायला सांगितलंत, आणि वर्षाच्या आत ती परत आली. काठीसारखी झाली होती. हॉस्टेलमध्ये काय झालं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. पुस्तक म्हणून पुन्हा हातात धरलं नाही. तिच्या बापाने तुम्हाला खरंच शिव्या दिल्या, आपल्या दारात उभं राहून, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. त्यानंतर दर शनिवारी तुम्ही तिच्या घरी जाऊन बसायचात. ती बोलायची नाही, तुम्हीही नाही. शेंगा सोलायच्या, फुलं ओवायची, परत यायचं. मी एकदा विचारलं, कशाला जाता? तुम्ही म्हणालात, "मी पाठविलें होतें." ती पुढे तिच्या मावशीकडे मदुराईला गेली तेव्हाच तुमचे शनिवार सुटले. पण तुम्ही बदललात, अक्का. पोरांना आधी दोनदा विचारायचात, आता चारदा विचारायला लागलात. कॉफीला निघताना उंबऱ्यात थोड्या थांबायचात. ते मला दिसत होतं.

आता मैथिलीचं.

पापनाशमहून शनिवार-रविवार बसने येणारी ती बारीक अंगाची मुलगी तुमची लाडकी होती, हे तुम्ही कबूल केलं नसतंत, पण पोळी तिच्यासाठीच जास्तीची व्हायची. तिचा बाप रंगाराव तुमचाच जुना विद्यार्थी, आता भाताच्या गिरणीत हिशेबनीस. त्यांच्या घरामागून पाट जातो. एका वर्षी तिवई घेऊन पाट मोजायला माणसं आली, तेव्हा या पोरीने शाळा बुडवून दिवसभर त्यांच्या मागे मागे फिरून यंत्रातून बघून घेतलं. पाण्याला आपल्या वावरात यायला सगळ्यात उशीर का होतो, ते तिला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तिला तेच शिकायचं होतं. जमीन मोजायची, नकाशे करायचे, वरून काढलेली चित्रं वाचायची. त्या शाखेला जिओइन्फॉर्मॅटिक्स असं लांबलचक नाव आहे, आणि तिला हवं होतं ते कॉलेज चेन्नैला. मार्क तेवढे होते. रंगारावांचं म्हणणं, की जमीन मोजायला पोरगी चेन्नैला कशाला? तंजावुरात बसने जाऊन-येऊन कॉम्प्युटर शिकू दे, संध्याकाळी घरी असेल.

बाप घेऊन जाईना, म्हणून तुम्ही स्वतः तिला दिवसाच्या गाडीने चेन्नैला नेलंत. या वयात, गुडघे तसले असताना! परत आलात आणि मी विचारलं, कसं आहे? तुम्ही म्हणालात, "इडली बरी नव्हती." बस. मी मागेच लागले. सांगा ना, पाठवायचं ना तिला? अशी मुलगी दहा वर्षांत एखादी येते. तुम्ही पाय चेपत बसल्या होतात. मी म्हटलं, लक्ष्मीचं एकदा झालं म्हणून सगळ्यांनाच घरात कोंडणार का? ते मी बोलायला नको होतं की हवं होतं, मला अजून कळलेलं नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, "शुक्रवारी रंगाकडे कॉफीला जातें. तेव्हां कळेल तुज."

बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. कुणाला हाक नाही, काही नाही. मी शेजारच्या खोलीत मिरच्या निवडत होते.

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत, म्हणून सांगते. रघू, तुमचा भाऊ, लहान मुलासारखा भिंतीला टेकून बसला होता. गल्ली भरून माणसं आली. तुमची पोरं कुठून कुठून आली, त्यांच्या डोक्यावरचे केस पिकलेले, आणि तरी तुमच्या खुर्चीसमोर चटईवरच बसली. मी सगळ्यांना जागा देत होते, आणि डोक्यात एकच चाललं होतं, शुक्रवार आला, शुक्रवार गेला, आणि पापनाशमला कुणी गेलं नाही. कुलूप लावायची तारीख सुतकात येत होती.

मला सुतकाचं एरवी फार काही वाटत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या घरात मी ते पाळत आले. सुतक असताना कुणाच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, कुणाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. रघू म्हणाला, जाऊ नको, फोन कर. मी फोन केला. रंगाराव फोनवर नुसते रडले. शेवटी मी कुणाला न विचारता बसमध्ये बसले. बसमध्ये मी पोरांसारखी घोकत होते, काय बोलायचं ते.

रंगाराव दारात आले आणि थबकले. मी रस्त्यावर उभी, ते ओट्यावर. हात जोडून म्हणाले, "वैनी, आंत या म्हणतां येत नाही मज. तीट्टु आहे तुमास. वाईट वाटून घेऊं नका." मी म्हटलं, नाही येत, इथूनच बोलते. त्यांच्या मागे दाराआड मैथिली उभी होती, तिचा परकराचा काठ दिसत होता. ऊन होतं. कुणी मला बसा म्हणू शकत नव्हतं, पाणी देऊ शकत नव्हतं. तुमचं ते काम कॉफीशिवाय कसं करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "अक्का काय सांगून गेल्या, वैनी? माझ्या पोरीचं काय म्हणाल्या?"

अक्का, 'पाठवा म्हणाल्या' एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ते माझ्या जिभेवर आले होते. रंगारावांचा चेहरा मी पाहत होते, त्यांना तेच ऐकायचं होतं असं मला वाटलं. तुमच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं होतं त्यांना. आणि त्याच क्षणी मला लक्ष्मी दिसली, आपल्या दारात उभा राहिलेला तिचा बाप दिसला. उद्या ही पोरगी वाळून परत आली तर हा माणूस मेलेल्या बाईला शिव्या देईल, आणि शनिवारी जाऊन बसायला तुम्ही असणार नाही. माझ्याने ते होणार होतं का? मी तुमच्यासारखी गप्प बसू शकत नाही. मला भीती वाटली, अक्का. खरेपणा वगैरे काही नाही. नुसती भीती.

मी म्हटलं, "त्या मला काहीच बोलल्या नाहीत. पण मी सांगते, पाठवा. मुलगी हुशार आहे, तिथे ती फुलेल." मग मी बसमध्ये घोकलेलं सगळं बोलले. पगार, हॉस्टेल, मुलींची सुरक्षा, सगळं. बराच वेळ बोलले. रंगाराव ऐकत होते, मान हलवत होते. शेवटी फार मऊ आवाजात म्हणाले, "तुमचें बरोबर असेल, वैनी. पण तें अक्कांनी सांगायचें होतें." दाराआडचा परकराचा काठ निघून गेला.

कुलूप लावताना ओटीपीचे आकडे येतात ते वडिलांच्या फोनवर. तंजावूरचं कॉलेज वर गेलं, चेन्नैचं खाली राहिलं. तंजावूरलाच सीट मिळाली. सगळ्यांनी चांगलं झालं म्हटलं.

काल तेराव्याला, शुभस्वीकारच्या जेवणाला बापलेक दोघं आली होती. पंगतीत मी भात वाढत होते. रंगारावांनी पानावर हात आडवा धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अक्का एक शब्द म्हणाल्या असत्या तर मी डोळे मिटून पाठविली असती. देवाशपथ, वैनी." मी पुढच्या पानाकडे गेले.

जेवणं झाल्यावर मैथिली मागच्या नळावर हात धूत होती. मी जवळ गेले. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटत होतं. ती नळ बंद न करता म्हणाली, "मामी, एक खोटं सांगायचं होतं की. अक्का परत येऊन विचारणार होत्या काय?"

ती हात पुसून बापाबरोबर निघून गेली, आणि मी तो नळ किती वेळ तसाच वाहू दिला.

पोरं येतच राहतील, अक्का. आजचा मुलगा मी परत पाठवला नाही, त्याला म्हटलं, आधी कॉलेज बघून ये, मग बोलू. तुमचंच वाक्य, पण माझ्या तोंडी ते उसनं वाटलं. त्याच्या आईबापाकडे कॉफीला जायची हिंमत माझ्यात येईल की नाही, सांगता येत नाही. तुम्ही मला या सगळ्यात ओढलंत, माझी पानं पुन्हा पुन्हा लिहायला लावलीत, सोलापूरच्या एका चिडक्या बाईला कामाचं केलंत. त्याबद्दल मी तुमच्या पायावर डोकं ठेवते. हे तुम्ही होतात तेव्हा म्हणायचं राहिलं.

पण एक मागते. रात्री डोळा लागत नाही, तेव्हा मी तुम्हाला रंगारावांच्या घरी कॉफी पिऊन उभं राहिलेलं बघते आणि पुढचं वाक्य ऐकू येत नाही. तुम्ही त्या शुक्रवारी 'पाठवूं नका' म्हणणार होतात, एवढंच मला कसंतरी कळू द्या. आणि 'पाठवा' म्हणणार असाल, तर अक्का, गप्प राहा.